माझ्या पेनड्राइव्हने पाडलेले आठ संगणक

माझ्या पेनड्राइव्हने एकूण आठ संगणक पाडले. त्यांतला एक पोलिसांचा होता आणि शेवटचा खुद्द कंपनीचा. आज हे मी ताठ मानेने सांगते, पण पहिले सहा पडले तेव्हा मी जिन्यातून जाता-येता नजर चपलांकडे ठेवत होते.

मी सुवर्णा देवरे. एका सरकारी कार्यालयात तेहतीस वर्षं काढून अधीक्षक म्हणून निवृत्त झाले. माझ्या हातात दुसरी कुठलीही कला नाही. मला गाता येत नाही, रांगोळीतला माझा मोर कोंबडीवर जातो. पण स्मरणपत्र मात्र असं लिहिते की समोरच्या कार्यालयातला माणूस खुर्चीत सरळ बसतो. स्मरणपत्र क्रमांक तीनच्या पुढे माझ्यासमोर कुणी टिकलेलं नाही. सुरगाण्याला बदली होती तेव्हा एका बंद हातपंपासाठी मी नऊ स्मरणपत्रं लिहिली होती. पण तो पंप खरोखरच गहाळ होता, म्हणून तो मी अपवाद धरते.

तर निवृत्तीनंतर मी आमच्या इंदिरानगरातल्या सोसायटीच्या गच्चीवर सोलर बसवायचं मनावर घेतलं. काम एवढंसं. त्रेचाळीस कागद स्कॅन करायचे, एका पेनड्राइव्हवर घालायचे आणि छापून फाइल तयार करायची. कागद मी घरी स्वतः स्कॅन केले. पेनड्राइव्ह टीव्हीखालच्या वाटीत ठेवला. तीन दिवसांनी तो घेऊन कोपऱ्यावरच्या झेरॉक्सच्या दुकानात गेले.

दुकानदाराने पेनड्राइव्ह लावला. स्क्रीन एकदा थरथरली, मग सगळी जांभळी झाली आणि मधोमध इंग्रजीत दिलगिरीची दोन वाक्यं आली. माझ्या मागे अकरावीच्या प्रवेशाची रांग होती. दुकानदाराने संगणक पुन्हा चालू केला, पुन्हा पेनड्राइव्ह लावला, पुन्हा जांभळं.

"ताई, व्हायरस आहे तुमच्यात," तो म्हणाला.

"माझ्यात नाही, पेनड्राइव्हमध्ये," मी म्हटलं. पण रांगेतल्या दोन पालकांनी तोपर्यंत माझ्यापासून एक एक पाऊल मागे घेतलं होतं.

घरी येऊन आमच्या लॅपटॉपला लावला. जांभळं. म्हणजे दोन झाले.

आमचे यजमान, ज्ञानेश, पेपर वाचत होते. त्यांनी पेपर थोडा वर धरला. मला तेव्हाच संशय यायला हवा होता, कारण त्या बाजूला नुसत्या जाहिराती होत्या.

आता आमच्या सोसायटीत बातमी लिफ्टने जाते आणि सल्ला जिन्याने येतो. संध्याकाळपर्यंत दारात चार सल्ले उभे होते. एकाने सांगितलं, पेनड्राइव्ह तांदळात पुरून ठेवा. तळमजल्यावरच्या सावित्रीबाई सटाण्याच्या. त्यांनी माझा हात हातात घेऊन सांगितलं, "माय, तुना पेनड्राइव्हले नजर लागेल शे. मीठ-मिरच्या उतारी टाक." दुसऱ्या मजल्यावरचे दातांचे डॉक्टर मात्र शिकलेले. ते म्हणाले, "वहिनी, तुमचा लॅपटॉप जुना, दुकानदाराचा त्याहून जुना. माझ्या क्लिनिकमध्ये या, दोन मिनिटांत बघू." मी नको नको म्हणत असताना त्यांनी पेनड्राइव्ह माझ्या हातातून काढून घेतला आणि स्वतःच्या हाताने लावला.

तिसरा.

"थांबा, आत एक्स-रेचा संगणक आहे, तो नवा आहे," डॉक्टर म्हणाले.

चौथा. आत खुर्चीत एक गृहस्थ तोंड उघडं ठेवून बसले होते. त्यांच्या दाढेचा फोटो अर्धा आला आणि जांभळ्यात बुडाला. त्यांना तोंड मिटायला सांगायचं पुढची दहा मिनिटं कुणालाच सुचलं नाही.

पाचवा संगणक सोसायटीच्या ऑफिसातला. तिथे तो नेला आमचे अध्यक्ष, जीवन बोरस्ते साहेब, यांनी. साहेब विमा कंपनीतून निवृत्त झालेले, आणि कुठल्याही संकटात पहिली जबाबदारी कुणाची, हे ठरवण्यात पटाईत. "देवरे बाई, द्या इकडे. आपल्या ऑफिसातल्या संगणकात अँटिव्हायरस आहे, तो बघून घेईल." अँटिव्हायरसने बघितलं असावं, पण सांगायला तो उरला नाही. संगणक असा पडला की पुन्हा उठलाच नाही, आणि अकरा वर्षांच्या सभांची इतिवृत्तं त्यातच अडकली.

दुसऱ्या दिवशी लिफ्टशेजारच्या फळ्यावर सूचना लागली: 'सर्व सभासदांना कळविण्यात येते की, सौ. सुवर्णा देवरे यांचा पेनड्राइव कोणिही हातात घेउ नये. आदेशावरुन.'

मला राग सूचनेचा आला नाही. राग आला तो 'कोणिही' मधल्या पहिल्या वेलांटीचा आणि 'घेउ' मधल्या पहिल्या उकाराचा. तेहतीस वर्षं मी लोकांची शुद्धलेखनं सुधारली, आणि माझी बदनामी अशुद्ध व्हावी? मी घरून लाल पेन आणलं आणि चारही चुका दुरुस्त केल्या. जाताना 'आदेशावरून कोणाच्या?' असा शेराही मारला.

त्या शेऱ्याने प्रकरण चिघळलं. बोरस्ते साहेबांनी पोलिसांत तक्रार दिली की, सभासदाच्या पेनड्राइव्हमुळे संस्थेचं दप्तर नष्ट झालं असून घातपाताचा संशय नाकारता येत नाही.

मला बोलावणं आलं. आयुष्यात पहिल्यांदा पोलीस ठाण्याची पायरी चढले, तीही घातपाताच्या संशयावरून. मी निवृत्तीच्या समारंभातली साडी नेसले होते. ज्ञानेश सोबत आले, पण बाहेर बाकावर बसले. त्यांना घाम येत होता. मला वाटलं, माझ्या काळजीने.

आतले हवालदार भले होते. "दाखवा, कुठाय तुमचा व्हायरस?" म्हणत त्यांनी हात पुढे केला.

"साहेब, हा कृपा करून कुठेही लावू नका. जिथे लावू तिथे संगणक बंद पडतो."

"असं होय?" म्हणाले, आणि लावला.

सहावा.

हवालदारांनी आतल्या साहेबांना हाक मारली. मग सहायक निरीक्षक आले. त्यांनी सांगितलं, हा पुरावा आहे, जप्त करा. मी म्हटलं, "जरूर करा. पंचनाम्याची एक प्रत मला द्या, वेळ आणि जप्तीच्या वस्तूचं वर्णन घालून." पंचनामा टाइप करायचा तो त्याच पडलेल्या संगणकावर. हाताने लिहायचा तर नमुना त्या संगणकात होता. साहेबांनी पेनड्राइव्ह माझ्याकडे परत सरकवला आणि ते एकदम माणसासारखे बोलले.

"बाई, खरं सांगू? हे आमच्या आवाक्यातलं वाटत नाही. पॉलिटेक्निकला एक मोमीन मॅडम आहेत, आम्हाला सायबरचं लेक्चर द्यायला येतात. त्यांना दाखवा. आणि तोवर हा कुठेही लावू नका."

"पहिले दोन पडल्यापासून मी एकदाही लावायला सांगितलेला नाही," मी म्हटलं. हे वाक्य पुढे किती मोठं ठरणार आहे, याची मला कल्पना नव्हती.

बिलकिस मोमीन ही पस्तिशीची, बारीक चणीची, चष्मेवाली बाई. तिने माझी सगळी हकिकत एकदाही मध्ये न तोडता ऐकून घेतली. सहा संगणक ऐकून सहानुभूती दाखवायची, तर तिचे डोळे चमकायला लागले. प्रयोगशाळेतला एक जुना संगणक तिने बाकीच्यांपासून वेगळा केला आणि पेनड्राइव्ह लावला.

जांभळं.

"पडला!" बिलकिस टाळी वाजवून म्हणाली. "मॅडम, पडला!"

सातवा. पण इतक्या दिवसांत माझ्या पेनड्राइव्हमुळे आनंद झालेलं हे पहिलं माणूस. मला भरून आलं.

चार दिवसांनी तिने मला पुन्हा बोलावलं. या वेळी ज्ञानेशही सोबत आले. "यात व्हायरस नाहीये," ती म्हणाली. "एकही नाही. चूक तुमच्या पेनड्राइव्हची नाही, संगणकाची आहे. म्हणजे ज्या ऑपरेटिंग सिस्टिमवर हे सातही संगणक चालतात, तिची."

तिने समजावलं ते असं: पेनड्राइव्ह आत गेला की कुणी काही दाबायच्या आधीच एक छोटा प्रोग्राम पुढे होतो, पेनड्राइव्हचं पहिलं पान वाचतो आणि आत काय-काय आहे ते संगणकाला सांगतो. त्याला म्हणतात फाइल सिस्टिमचा ड्रायव्हर. ड्रायव्हर म्हटल्यावर माझ्या डोळ्यांपुढे सुरगाण्याचा जीपवाला आला, त्यामुळे पुढचं अर्धं मला ऐकू आलं नाही.

"हा पेनड्राइव्ह तुम्ही आणखी कशाला लावला होता का? तुमच्या स्कॅननंतर त्याचं पहिलं पान कुणीतरी अर्धवट खरडलंय."

"छे. वाटीत होता तीन दिवस," मी म्हटलं.

शेजारी बसलेले ज्ञानेश खाकरले. तेहतीस वर्षं कारकुनांच्या खाकरण्याचा मी अभ्यास केला आहे. हे कबुलीचं खाकरणं होतं.

तर आमच्या यजमानांनी सकाळी बाल्कनीत भजनं ऐकायला एक स्पीकर आणला होता, लाल-हिरवे दिवे लागतात तसला. वाटीतला माझा पेनड्राइव्ह त्यांना त्यांच्या गाण्यांचा वाटला. त्यांनी तो स्पीकरला लावला, गाणी सापडेनात म्हणून दिसेल ते बटण दाबलं, स्पीकर त्यावर काहीतरी लिहायला लागला आणि मध्येच त्याची बॅटरी संपली. मग पेनड्राइव्ह पुसून परत वाटीत.

"आणि पोलीस ठाण्यात तुम्ही बाहेर बसून काय करत होता?" मी विचारलं.

"भजनच म्हणत होतो. मनात," ज्ञानेश म्हणाले.

काही गोष्टी बिलकिससारख्या परक्या माणसासमोर बोलायच्या नसतात. घरी गेल्यावर मी भरपूर बोलले.

बिलकिसचं म्हणणं होतं की हे कंपनीला कळवायलाच हवं. कारण जे स्पीकरने चुकून केलं ते एखादा चोर मुद्दाम करू शकतो. असा पेनड्राइव्ह दवाखान्यात, बँकेत, कुठेही लावला की संगणक नुसता पडणार नाही, तो चोराचं ऐकायला लागेल. "पण मॅडम, मी मागे दोनदा दुसऱ्या चुका कळवल्या होत्या. कुणी उत्तर सुद्धा दिलं नाही. कंटाळून सोडून दिलं."

"सोडून दिलं?" मी खुर्चीत सरळ झाले. "स्मरणपत्रं किती पाठवलीस?"

"एकही नाही."

"मग पत्र मी लिहिते. पण मला पूर्ण समजल्याशिवाय मी कशावरही सही करत नाही. हा ड्रायव्हर नेमकं चुकतो कुठे?"

बिलकिसने फळ्यावर आकडे लिहिले. मला कळेना. तिने चौकोन काढले. तरी कळेना. शेवटी ती म्हणाली, "रविवारी येवल्याला चला माझ्या घरी. अब्बा सांगतील."

म्हणून रविवारी आम्ही दोघी एसटीने येवल्याला गेलो. बिलकिसचे वडील खाजाभाई चाळीस वर्षं पैठणी विणतात. संगणकाला त्यांनी कधी हात लावलेला नाही. त्यांनी मला मागाशेजारी बसवलं, चहा दिला, आणि लेकीने काय सांगितलं ते ऐकून म्हणाले, "अरे, ये तो सीधी बात है. बाई, हे बघा. इथून इथपर्यंत पदर. ह्याच्यापुढे काठ. आता मला नक्षीचा कागद आला, त्याच्यावर लिहिलंय मोर बारा बोटं. आणि जागा आहे आठ बोटं. मी काय करीन?"

"मोजाल."

"मोजीन. आन् कागदवाल्याला शिव्या देईन. पण नवा कारागीर असला, डोकं न चालवणारा, तो काय करतो? कागदावर बारा, तर बारा. विणत जातो. मोर काठात घुसतो. पुढं काठ बी खराब, साडी बी खराब."

मी चहाचा कप खाली ठेवला. सगळं लख्ख झालं. पेनड्राइव्हच्या पहिल्या पानावर स्पीकरने पेनड्राइव्हच्या नावाची लांबी लिहिली होती भलतीच मोठी. नावासाठी संगणकात जागा होती इवलीशी. आणि हा ड्रायव्हर महाशय कागदावरचा आकडा खरा धरून, जागा न मोजता, भरत सुटला. आपल्या देशात अर्जावर लिहिलेलं न तपासता खरं मानणारा एकही कर्मचारी मला तेहतीस वर्षांत भेटला नाही. तो संगणकात बसला होता.

"हे घोर निष्काळजीपणाचं प्रकरण आहे," मी म्हटलं.

"तेच तर," खाजाभाई म्हणाले. "आमच्यात असल्या कारागिराला मागावर बसू देत नाहीत."

सोमवारी पत्र तयार झालं. मराठी मसुदा माझा, इंग्रजी बिलकिसचं. वर विषय, खाली संदर्भ, मग 'उपरोक्त विषयान्वये', मग मुद्दे, मग सहपत्रांची यादी. बिलकिस म्हणाली, इंग्रजीत असं कुणी लिहीत नाही. मी म्हटलं, "म्हणूनच वाचतील."

कंपनीचं उत्तर सात मिनिटांत आलं: आपल्याला झालेल्या गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत, कृपया संगणक बंद करून पुन्हा चालू करावा, आपलं प्रकरण बंद करण्यात येत आहे.

बिलकिसने सुस्कारा सोडला. मला मात्र तरतरी आली. किती दिवसांनी कुणीतरी माझं प्रकरण बंद केलं होतं! स्मरणपत्र क्रमांक एक त्याच दुपारी गेलं.

दुसरं उत्तर आलं: आमच्याकडे असं काही घडत नाही. चौकशीअंती कळलं, बिलकिसने पत्रासोबत पाठवलेली पेनड्राइव्हची हुबेहूब नक्कल त्यांनी वापरलीच नव्हती. आतले त्रेचाळीस कागद उघडून बघितले होते. म्हणजे परदेशातल्या कुणा इंजिनियरने आमच्या सोसायटीचा सोलरचा ठराव, गच्चीच्या नकाशासकट, वाचला आणि त्यात दोष आढळत नाही असं लेखी दिलं. ते पत्र मी जपून ठेवलं आहे. सोलरच्या फाइलला जोडायला उपयोगी पडलं असतं, पण ती फाइल मी कागद पुन्हा स्कॅन करून केव्हाच दिली होती. स्मरणपत्र क्रमांक दोन.

तिसरं उत्तर मोठं आणि शहाणपणाचं होतं. दोष असला तरी त्यासाठी कुणीतरी पेनड्राइव्ह हाताने संगणकात लावावा लागतो. कुठलाही सुज्ञ माणूस अनोळखी पेनड्राइव्ह आपल्या संगणकात लावणार नाही. सबब धोका नगण्य.

"आता संपलं," बिलकिस म्हणाली. "इथेच सगळे हरतात."

मी चष्मा पुसला. "लिहून घे," मी म्हटलं. "परिच्छेदनिहाय अभिप्राय. परिच्छेद एकबाबत, आपलं विधान वस्तुस्थितीस धरून नाही. सदर पेनड्राइव्ह आजवर सात संगणकांना लावला गेला. त्यांचा तपशील सोबतच्या विवरणपत्रात आहे." आणि मग मी कोष्टक केलं: ठिकाण, लावणाऱ्याचा हुद्दा, लावू नका असं सांगितलं होतं काय, तरीही लावला काय. झेरॉक्स व्यावसायिक. दंतवैद्य, एकदा. दंतवैद्य, दुसऱ्यांदा, पहिला पडल्यानंतर. गृहनिर्माण संस्थेचे अध्यक्ष. पोलीस हवालदार: स्पष्ट सांगितलं होतं, होय, तरीही लावला, होय. कुणाचंही नाव मी घातलं नाही, फक्त हुद्दे. खाली लिहिलं: 'वरील सर्व व्यक्ती सुज्ञ आहेत. आपल्याकडेही असतील. करिता पुनर्विचार व्हावा.' स्मरणपत्र क्रमांक तीन.

पाच दिवस काही नाही. सहाव्या दिवशी पहिल्यांदाच एका जिवंत माणसाच्या सहीचं उत्तर आलं. रोशनी नावाची मुलगी, कंपनीच्या सुरक्षा विभागात, हैदराबादला. तुमचं विवरणपत्र आमच्या संपूर्ण विभागात वाचलं गेलं, व्हिडिओ कॉलवर भेटू या का?

कॉल बिलकिसच्या प्रयोगशाळेतून झाला. रोशनीसोबत दोन वरिष्ठ होते, त्यांचे चेहरे 'बघू या' असे. बिलकिसने पाठवलेली हुबेहूब नक्कल रोशनीने एका पेनड्राइव्हवर उतरवली होती. चाचणीसाठी तिने एक वेगळा संगणक शेजारी मांडला होता. तिचं बोलणं चाललं होतं, हातात पेनड्राइव्ह होता, आणि एक वरिष्ठ मध्येच काहीतरी विचारायला लागले. त्यांना उत्तर देता देता तिने तो लावला. ज्याच्यावरून ती आमच्याशी बोलत होती, त्याच संगणकाला.

रोशनीचा चेहरा तोंड उघडं असताना गोठला. मग ती नाहीशी झाली.

आठवा.

दोन्ही वरिष्ठ आपापल्या चौकोनात हलायचे थांबले होते. आम्हाला वाटलं तेही पडले, पण ते नुसते बघत होते. मग बिलकिसने माझा दंड इतक्या जोरात धरला की दोन दिवस वळ होता. पाच मिनिटांनी रोशनी मोबाइलवरून परत आली, केस विस्कटलेले, आणि हिंदीत म्हणाली, "मॅडम, विवरणपत्रात माझं नाव पण घाला."

"नाव नाही घालत. हुद्दा घालते," मी म्हटलं. यावर एक वरिष्ठ हसले आणि तिथे आमची केस दाखल झाली.

मला वाटलं, आता जिना ताठ मानेने चढायचा. पण रोशनीने शेवटी एक अट सांगितली. दुरुस्ती तयार होऊन सगळीकडे पोचेपर्यंत, साधारण तीन महिने, याबद्दल कुणालाही अवाक्षर सांगायचं नाही. सांगितलं तर दुरुस्तीच्या आधी चोर पोचतील.

तेहतीस वर्षं मी 'गोपनीय' शिक्क्याचा मान राखला, पण या तीन महिन्यांएवढा तो कधी जड गेला नाही. फळ्यावर सूचना तशीच होती. दातांचे डॉक्टर मला बघून खिशावर हात ठेवत. ज्ञानेश तर सावित्रीबाईंसमोर दोनदा "आमची ही म्हणजे—" इथपर्यंत गेले आणि माझी नजर बघून "आमची ही भाजी म्हणजे—" असे वळले.

कळस झाला वार्षिक सभेत. बोरस्ते साहेबांनी आयत्या वेळचा विषय म्हणून सोसायटीत खासगी पेनड्राइव्हवर बंदी घालायचा ठराव मांडला. सगळ्यांनी हात वर केले. मग कळलं, ठराव लिहिता कुणालाच येत नाही. सगळे माझ्याकडे बघायला लागले.

"देवरे बाई, तुम्हीच जरा शब्दांकन करा," बोरस्ते साहेब खाली बघत म्हणाले.

मी केलं. 'सभेत साधकबाधक चर्चा होऊन' पासून 'सर्वानुमते मंजूर' पर्यंत. स्वतःच्या विरुद्धचा ठराव मी इतका निर्दोष लिहिला की तो आजही आमच्या सोसायटीतला सर्वांत चांगला ठराव आहे. घरी येऊन मात्र मी रडले. ज्ञानेशनी चहा केला. मग स्पीकर उचलून माळ्यावर टाकून आले.

ब्याण्णवाव्या दिवशी, सकाळी अकराला, बिलकिसचा फोन आला. ती काही सांगायच्या आत मीच म्हटलं, "आली?"

"आली. पानावर बघा."

कंपनीच्या संकेतस्थळावर दुरुस्तीची माहिती होती. त्या दोषाला एक क्रमांक मिळाला होता, आधी वर्ष, मग अनुक्रमांक, अगदी आपल्या जावक क्रमांकासारखा. धोक्याच्या पुढे लिहिलं होतं: गंभीर. आणि खाली, हा दोष निदर्शनास आणून दिल्याबद्दल आभार: बिलकिस मोमीन आणि सुवर्णा देवरे, नाशिक. स्पेलिंग अचूक. मी तीनदा तपासलं.

ते पान मी छापून घेतलं, कोपऱ्यावरच्याच दुकानात. यावेळी फोनवरून पाठवलं. दुकानदाराने कागद वाचला, मला बघितलं, पुन्हा कागद वाचला. "ताई, म्हणजे त्या दिवशी..." "हो," मी म्हटलं. "तुमचा पहिला नंबर आहे."

बोरस्ते साहेबांच्या दारात मी कागद आणि मराठी गोषवारा दिला. त्यांनी उभ्याउभ्या वाचलं. हा माणूस विम्याचे दावे नाकारण्यात हयात घालवलेला. त्याने कागद दोनदा उलटा-सुलटा केला, कुठेतरी बारीक अक्षरात अट असेल म्हणून. अट नव्हती.

"म्हणजे इतिवृत्तं गेली ती..."

"संगणकाच्या चुकीने. बिलकिस मॅडम उद्या येऊन काढून देणार आहेत, त्या म्हणतात सगळी शाबूत असणार."

साहेब चप्पल घालून खाली गेले आणि स्वतःच्या हाताने सूचना काढली. वर येऊन म्हणाले, "बाई, मी तुमची माफी मागतो. लेखी हवी असेल तर लेखी."

"तोंडी चालेल," मी म्हटलं. लेखी घेतली असती तर दुरुस्त करत बसावं लागलं असतं.

पण कागद मिळून काम संपत नव्हतं. दुरुस्ती आली होती. ती प्रत्येक संगणकात उतरवून घ्यायला हवी होती. आणि लोक ती उतरवत नाहीत, 'नंतर आठवण करा' दाबतात. आठवण करणं हे माझं काम. त्या संध्याकाळी मी दारोदार गेले. सोळा घरांत मिळून एकोणीस संगणक निघाले. डॉक्टरांनी दोन्ही संगणक स्वतः पुढे केले. सावित्रीबाईंच्या नातीचा लॅपटॉप पलंगाखालून निघाला. प्रत्येक घरी मी बटण दाखवत होते आणि लोक चक्क ऐकत होते. चौथ्या मजल्यावर तर मला बसायला खुर्ची दिली आणि दडपे पोहे केले.

साडेसातच्या सुमाराला मी जिन्यात, दुसऱ्या आणि तिसऱ्या मजल्याच्या मध्ये उभी होते. सगळ्यांची दारं उघडी होती. आधी खालून एक आवाज आला, संगणक नव्याने चालू होताना करतो तो, छोटासा, दोन सुरांचा. मग वरून एक. मग समोरून. मग एकापाठोपाठ एक, तळमजल्यापासून चौथ्यापर्यंत, आमची अख्खी इमारत वाजायला लागली. ज्ञानेश आमच्या दारात येऊन उभे राहिले. ते माझ्याकडे बघत होते, आणि आयुष्यात पहिल्यांदा एवढं काही घडत असताना ते खाकरले नाहीत.

खालून बोरस्ते साहेबांची हाक आली, "देवरे बाई! इथे चक्र फिरतंय नुसतं. मी काही दाबू का?"

"काही दाबू नका साहेब," मी कठड्यावरून वाकून ओरडले. "बसून राहा. आता तो मोजून घेतोय!"